किडक्या दाढेची किल्ली

वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आलेल्या मुलीचा सख्खा भाऊ बालवाडीत तोंडातून अवाक्षर काढत नाही, याच्याइतकी नाचक्की दुसरी नसेल. माझा कप फ्रिजवर अजून नवाकोरा चमकत होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याने पाणी प्यायला स्वयंपाकघरातच यावं असा माझा आग्रह असे, म्हणजे त्यांची नजर आपोआप फ्रिजकडे जाई. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं.

माझ्या भावाला आम्ही तुडतुड्या म्हणतो. घरात तो मुका नाही. उलट घरात त्याचं तोंड बंद असेल तर ते भरलेलं आहे असं समजावं. तो जेवताना बोलतो, आंघोळीत बोलतो, झोपेत तर वादच घालतो. एकदा मोरीच्या जाळीला कान लावून पाण्याला ‘तू रोज कुठे जातंस, आणि तुला कोण सोडायला येतं’ असं विचारत बसला होता. आम्ही सगळे ‘हो का’, ‘बरं’, ‘जेव आता’ असं म्हणत आपापली कामं करत असतो, कारण त्याचं सगळं ऐकायचं ठरवलं तर घरातल्या एका माणसाला नोकरी सोडावी लागेल. पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. बालवाडीत तो टेबलाखाली बसायचा, टकामका बघायचा आणि घरी येऊन साग्रसंगीत अहवाल द्यायचा. कोणाचं नाक वाहत होतं, कोणी खडू खाल्ला, खडू खाणाऱ्याला बाई काय म्हणाल्या आणि त्यानंतर कपाटामागे जाऊन बाईंनी स्वतः काय खाल्लं. बाईंना मात्र त्याचा आवाज गोड आहे की भसाडा, हेही ठाऊक नव्हतं.

बाई स्वभावाने चांगल्या होत्या. आईबरोबर मीही गेले होते, तेव्हा त्या टेबलाखालच्या तुडतुड्याच्या पायांकडे बघत म्हणाल्या, “तो हुशार आहे हो. पण त्याला तहान लागली, पोटात दुखलं, कुणी चिमटा काढला, तर मला कळायचं कसं? महिनाभर घरीच चार मुलांत बसवा, काही उपक्रम करून घ्या. महिनाअखेर मी घरी येऊन बघते. माझ्याशी एक वाक्य बोलला तरी पुरे. नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू.”

पुढचं वर्ष बाईंना जवळ होतं, आईला नव्हतं. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. तुडतुड्या झाल्यापासून ती घरी होती. आता प्रयोगशाळेचा निरोप आला होता की पहिल्या तारखेपासून येत असाल तर जागा तुमची, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. आई नुसतं ‘बघू’ म्हणाली. पण चहा गाळून झाल्यावर ती गाळण्यातला चोथा खिडकीच्या उजेडात धरून निरखते, हे मी बघितलं होतं. ज्या बाईला सूक्ष्मदर्शक हवा आहे, तिने चहाच्या चोथ्यावर किती काळ भागवायचं?

तेव्हा मी जाहीर केलं की तुडतुड्याला मी बोलता करणार. माझी शाळा दुपारची, सकाळ मोकळी, आणि बोलणं हा तर माझा विषय.

“तुझ्याकडून बोलायला शिकेल,” बाबा शब्दकोड्यातून डोकं न काढता म्हणाले, “पण मग थांबायला कोण शिकवणार?”

ज्यांच्या कामाचं चीज उशिरा होतं, अशा लोकांत मी स्वतःला तेव्हाच धरलं.

बाईंनी उपक्रमांचा एक छापील कागद दिला होता. एका मगातलं पाणी दुसऱ्या मगात ओता. कागद फाडा. मोज्यांच्या जोड्या लावा. बटणं वेगवेगळी करा. वाचून मला बाईंची कीव आली. इतक्या सोप्या गोष्टींसाठी बालवाडी काढायची?

पाण्याचा उपक्रम मी गॅलरीत घेतला, म्हणजे घर कोरडं राहील. घर कोरडं राहिलं. आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली सेक्रेटरीकाकांची गॅलरी आहे आणि ते तिथे वर्तमानपत्र वाचत बसतात. सेक्रेटरीकाका म्हणजे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. वजन-मापे खात्यातून ते कधीच निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. ते ओलं वर्तमानपत्र दोन बोटांत धरून वर आले.

“हे अंदाजे पाव लिटर आहे,” ते म्हणाले.

“नाही काका, जास्त असेल. आमचा मग अर्ध्या लिटरचा आहे,” मी प्रामाणिकपणे म्हणाले. प्रामाणिकपणाची ही वेळ नव्हती, हे त्यांचा चेहरा बघून कळलं.

तुडतुड्या दाराआड उभा होता. काका गेल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, “ताई, त्यांच्या टकलावर एक थेंब राहिलाय. तो खाली येत नव्हता. का येत नव्हता?”

“हो का,” मी म्हणाले आणि फरशी पुसायला घेतली.

कागद फाडायचा उपक्रम फारच यशस्वी झाला. बाबा रविवारची शब्दकोडी निवृत्तीनंतर सोडवायची म्हणून गठ्ठा करून ठेवतात, हे मला माहीत होतं. तो गठ्ठा कुठला, हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी बाबा तुकडे जुळवत बसले होते आणि तुडतुड्या शेजारी बसून त्यांना हुरूप देत होता. मग मोजे. तुडतुड्याने जोड्या लावल्या त्या त्याच्या हिशेबाने. काळा मोजा काळ्याबरोबर राहून कंटाळतो, म्हणून त्याने काळ्याला तपकिरी सोबती दिला. बाबा तसेच ऑफिसला गेले आणि दिवसभर पाय टेबलाखाली ओढून बसले. “आपल्या घरात टेबलाखाली बसायचं वळण कोणाकडून आलंय ते आता कळलं,” आई म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

पण ‘चार मुलांत बसवा’ ही अट राहिलीच होती, आणि मुलं जमवायची म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला आलाच. समोरच्या घरात एक आजी आहेत. त्यांची नात आमच्या तुडतुड्याएवढी आहे, आणि कशालाही ‘नाही’ म्हणते म्हणून तिला मी नन्नी म्हणते. नन्नीची आजी म्हणाली, “अगं, कशाला जिवाला लावून घेतेस? माझा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता विमा विकतो. लोक त्याला बघून रस्ता बदलतात.” यात धीर देण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण नन्नी मिळाली. खालच्या मजल्यावरच्या जुळ्या मुली मिळाल्या. त्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की मी त्यांचं नाव जोडाक्षर ठेवलं. पहिल्या सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत जोडाक्षर, नन्नी आणि तुडतुड्या अशी शाळा भरली, आणि दुपारी आईने खोलीकडे बघून शांतपणे विचारलं, “हे खाली सभागृहात नाही का करता येणार?”

सभागृह म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. ती वापरायची तर सेक्रेटरीकाकांकडे अर्ज करावा लागतो. मी सुवाच्य अक्षरात केला. तो परत आला, कारण ‘उपक्रम’ म्हणजे नक्की काय ते लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. तो परत आला, कारण मुलांचं एकूण वजन लिहिलं नव्हतं.

“काका, वजन कशाला?”

“फरशीला कळायला नको?”

मी जोडाक्षराला आमच्या काट्यावर एकत्रच उभं केलं आणि वजन लिहिलं. अर्ज पुन्हा परत आला. या वेळी काका माझ्याकडे जरा दयेने बघत होते. “अर्जदार सज्ञान नाही,” ते म्हणाले.

“काका, मी वर्गाची मॉनिटर आहे.”

“ते शाळेच्या हद्दीत.”

वक्तृत्व स्पर्धेत मी ‘आजची मुलगी, उद्याची नेता’ या विषयावर बोलले होते. त्यात आज आणि उद्याच्या मध्ये सेक्रेटरीकाका असतात हा मुद्दा राहून गेला होता. शेवटी नन्नीच्या आजीने अर्जदार म्हणून सही केली, तीही चष्मा न लावता. काकांनी परवानगीखाली लाल शाईत अट घातली, ‘सभागृहातील एकही वस्तू मोडता, फोडता किंवा सांडता येणार नाही.’ मग खबरदारी म्हणून खुर्च्या, कॅरम, कुंड्या, इतकंच काय पण पायपुसणंसुद्धा कपाटात टाकून कुलूप घातलं. खोलीत उरल्या तीनच गोष्टी. भिंतीवर सगळ्यांच्या पत्रपेट्या, कोपऱ्यात एक भक्कम तक्रारपेटी आणि किल्ल्यांचा फलक.

हा फलक म्हणजे काकांचा जीव की प्राण. कोणी घराबाहेर अडकलं तर पंचाईत नको, म्हणून प्रत्येक घराची एक जादा किल्ली त्यावर टांगलेली असते. खालच्या ओळीत पत्रपेट्यांच्या छोट्या किल्ल्या. हुकावर घराचा नंबर असतो, किल्लीवर मात्र काही नाही. “किल्लीवर नंबर लिहिला आणि किल्ली हरवली, तर चोराला पत्ता आपणच दिला,” असं काका सांगतात. सगळ्या किल्ल्या एकाच फलकावर नंबरवार टांगल्यावर चोराला आणखी काय लागतं, असं बाबांनी एकदा सभेत विचारलं होतं. तेव्हापासून सभेत बाबांची बोलायची पाळी येईपर्यंत वेळ संपलेला असतो. काकांचा खांदा आखडतो, हात वर जात नाही, म्हणून त्यांनी फलक खाली घेतला होता. किती खाली, तर एखादं लहान मूल तक्रारपेटीवर चढलं तर त्याच्या नाकासमोर येईल इतका खाली. पण मुलाने तक्रारपेटीवर कशाला चढावं? आमच्या इमारतीत त्या पेटीचा कसलाच वापर कधी कोणी केला नव्हता.

सभागृहात गेल्यावर आमची शाळा रंगली. मुलं रेघेवरून चालली, डोळे मिटून आवाज ओळखू लागली, बटणांचे ढीग करू लागली. तुडतुड्या सगळं करायचा, सगळ्यांत आधी करायचा, पण जोडाक्षराशीही शब्द नाही. मी त्याला रोज एक सोपं वाक्य पाठ करायला देत होते. ‘बाई, नमस्कार. मी मजेत आहे.’ घरी तो ते हावभावांसकट म्हणायचा. सभागृहाच्या दारात आला की ओठ मिटलेले. दिवस संपत आले तसा माझा आवाज चढत गेला आणि त्याचे ओठ आणखी घट्ट होत गेले. एका संध्याकाळी आईने कपाटातून प्रयोगशाळेचा पांढरा कोट काढला, झटकला, आणि पुन्हा घडी करून आत ठेवला. तो ठेवताना ती जरा जास्तच वेळ घडी घालत होती.

बाई येणार त्याच्या दोन दिवस आधी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर मदतीला धावून आल्या. त्यांना आम्ही दातमावशी म्हणतो. “मीही एक उपक्रम घेते,” त्या म्हणाल्या आणि प्लास्टरचा एक भलामोठा जबडा घेऊन सभागृहात बसल्या. बाळाला दात नसतात. मग छोटे छोटे येतात. मोठ्या माणसांचे मोठे असतात. म्हाताऱ्यांचे पडतात किंवा झिजतात. आणि किडलेली दाढ असेल तर तिला दवाखान्यात न्यायचं, कापूस लावायचा, घाबरायचं नाही. “दात बघितले की माणूस कळतो,” त्या म्हणाल्या.

“नाही,” नन्नी म्हणाली.

“कळतो,” जोडाक्षर एका आवाजात म्हणालं.

तुडतुड्या काही म्हणाला नाही. पण जबड्यात डोकं घालून तो इतका वेळ बसला की शेवटी मावशींना जबडा त्याच्यासकट उचलावा लागला. त्यानंतर चारही मुलं जो दिसेल त्याच्या तोंडात बघू लागली. दूधवाला, टपाल टाकणारी ताई, जिन्यात जांभई देणारे बाबा, कोणी सुटलं नाही.

बाई येणार त्याच्या आदल्या सकाळी मला स्वागताच्या भाषणाची तालीम करायची होती. मी मुलांना म्हणाले, “बटणं आपल्याला छान जमली. आता जे दिसेल ते वेगवेगळं करा.” हे म्हणताना मी हात असा ऐसपैस फिरवला, वक्तृत्वात फिरवतात तसा. मग भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. डोळे मिटले की मला हजारो श्रोते दिसतात, ही माझी पद्धत आहे. माझ्या मागे खोली हळूहळू शांत होत गेली. जगातल्या कुठल्याही आईला विचारा, चार लहान मुलं एकदम गप्प झाली तर काय करायचं? ती उत्तर द्यायला थांबणार नाही, पळत सुटेल. मला वाटलं, शिस्त लागली.

मी वळले तेव्हा चौघंही मांडी घालून, हात बांधून बसली होती. फरशी स्वच्छ. तक्रारपेटी तेवढी कोपऱ्यातून सरकून फलकाखाली आली होती, ती मी जागेवर ठेवली. फलकाकडे बघितलं नाही. किल्ल्या होत्या, चमकत होत्या. किल्ल्यांकडे कोण बघतं?

त्या दिवशी जेवताना तुडतुड्या म्हणाला, “ताई, आपल्या किल्लीची दाढ किडलीय. तिला दवाखान्यात ठेवलंय.”

“हो का,” मी म्हणाले. “जेव आता. आणि उद्याचं वाक्य म्हणून दाखव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. आईने चहासाठी मंद आचेवर दूध ठेवलं आणि दोनच मिनिटांत वर येऊ म्हणून खाली आली. सेक्रेटरीकाका पाहुण्यांच्या हजेरीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. नन्नीची आजी अर्जदार या नात्याने मधोमध बसली होती. मी पुढे झाले आणि सवयीने सुरुवात केली, “सन्माननीय अध्यक्ष, गुरुजनवर्ग…”

बाई पटकन मांडी घालून खाली बसल्या. त्यांना वाटलं, आता बराच वेळ लागणार.

मग उपक्रम. “हे बटण कुठल्या ढिगात?” मी नन्नीला विचारलं. “नाही,” नन्नी म्हणाली. जोडाक्षराला रेघेवरून चालायला सांगितलं, तर दोघी हात धरून एकाच रेघेवर दोन बाजूंनी चालल्या आणि मध्ये अडकल्या. सगळ्यांत शेवटी तुडतुड्या. बाई त्याच्याजवळ सरकल्या. “कसा आहेस?” त्यांनी विचारलं. मी मागून तोंडाच्या हालचालींनी त्याला वाक्य सांगत होते. तुडतुड्याने बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ओढणीत तोंड खुपसलं.

बाई समजुतीने हसल्या. त्यांचं ते समजुतीचं हसणं आईला समजलं, मलाही समजलं. आई म्हणाली, “असू दे. चहा तरी घ्या,” आणि तेवढ्यात वरून दार आपटल्याचा दणदणीत आवाज आला.

“आपलं दार,” आई म्हणाली. “आणि गॅसवर दूध.”

किल्ली आत होती. बाबा ऑफिसात होते. आम्ही सगळे सेक्रेटरीकाकांकडे वळलो. काकांच्या आयुष्यातला तो क्षण होता. त्यांनी शर्ट खाली ओढला, म्हणाले, “याच प्रसंगासाठी हा फलक आहे,” आणि सावकाश फलकापाशी गेले. आमच्या नंबराच्या हुकावरून त्यांनी किल्ली काढली. तिच्याकडे बघितलं. मग फलकाकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

फलक सुंदर दिसत होता. एका ओळीत सगळ्या लांब, एका ओळीत मध्यम, एका ओळीत झिजलेल्या गुळगुळीत, आणि सगळ्यांत खाली चिटुकल्या. अधूनमधून काही हुक रिकामे होते.

“हे कोणी केलं?” काकांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

“आम्ही,” जोडाक्षर अभिमानाने म्हणालं.

“नाही,” नन्नी म्हणाली.

पुढची वरात अशी निघाली. पुढे आई, मागे किल्ल्यांनी ओंजळ भरलेले काका, त्यांच्यामागे मी, बाई, आजी आणि मुलं. आमच्या दाराशी काकांनी एकेक किल्ली लावून बघायला सुरुवात केली. आतून दुधाचा वास यायला लागला होता, तो आता जळक्या वासाकडे झुकत होता. जिन्यात दारं उघडत होती आणि प्रत्येक दारातून एक सल्ला येत होता. साबण लावा. खांदा लावा. कुलूपवाल्याला बोलवा. नन्नीची आजी म्हणाली, तिच्या मुलाला बोलवा, तो या घराचा विमा आत्ताच्या आत्ता उतरवेल. मी माझ्या आयुष्यातली सगळी भाषणं विसरले होते. मला फक्त आईचा हात दिसत होता. तो दारावर सपाट टेकला होता, दाराला ताप आला असावा तसा.

काकांनी एक गुळगुळीत किल्ली कुलपात घातली आणि जोर लावला.

“ती नको,” कोणीतरी म्हणालं. “ती आजी आहे. तिला दातच नाहीत. ती कुलूप कशी चावणार?”

मी वळून बघितलं. जिन्याच्या पायरीवर, माझ्या ओढणीच्या बाहेर, अख्ख्या इमारतीसमोर तुडतुड्या उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असा त्रागा होता की मोठ्या माणसांना किती वेळा सांगायचं.

आई त्याच्याकडे झेपावणार होती. बाईंनी हळूच तिचं मनगट धरलं. मग त्या अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशा म्हणाल्या, “मग तुमची कुठली?”

“आमची दवाखान्यात आहे. तिची दाढ किडलीय. काल सांगितलं मी ताईला.”

सगळी इमारत माझ्याकडे बघायला लागली.

“कुठला दवाखाना?” बाईंनी विचारलं.

“दातमावशीच्या डब्यात. पत्र टाकतात ना, त्या फटीतून टाकलं. पण कागद गुंडाळलाय. लागू नये म्हणून.”

दातमावशी त्यांच्या खऱ्या दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांच्या पत्रपेटीला कुलूप होतं. “त्या पेटीची किल्ली,” सेक्रेटरीकाका कण्हल्यासारखे म्हणाले, “याच फलकावर होती.”

“ती बाळ आहे,” तुडतुड्या त्यांना म्हणाला. “शेवटच्या ओळीत. सगळ्यात छोटं बाळ. चला, दाखवतो.” आणि वजन-मापे खात्याचे निवृत्त अधिकारी त्याचं बोट धरून खाली गेले. नक्की कोणी कोणाचं बोट धरलं होतं, हे मला मागून नीट दिसलं नाही.

पेटी उघडली. आत दातमावशींची पत्रं होती आणि त्यांवर कागदाच्या कपट्यांत गुंडाळलेल्या चारपाच किल्ल्या ओळीने निजल्या होत्या. कपटे बाबांच्या शब्दकोड्यांचे होते. तुडतुड्याने न गोंधळता त्यातली एक उचलली. तिच्या एका दात्याचा कोपरा उडालेला होता. बाबांनी मागे कधीतरी रंगाचा डबा उघडायला तीच किल्ली वापरली होती. आम्ही तिला इतकी वर्षं बघत होतो, पण तिच्या तोंडात कोणी डोकावलं नव्हतं.

दार उघडलं. पातेल्याचं बूड काळंठिक्कर झालं होतं, दुधाचा फक्त वास उरला होता. आईने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ओट्याला टेकून हसत सुटली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, धुरामुळे.

बाई बिनदुधाचा चहा प्यायल्या. पाणी मागितलं तेव्हा तुडतुड्याने ते एका मगातून दुसऱ्या मगात ओतून, एक थेंबही न सांडता आणून दिलं. त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आ कर.”

“अरे, असं बोलतात का बाईंशी,” मी म्हणाले. बाईंनी मला हातानेच थांबवलं आणि आ केला. तुडतुड्याने मान वाकडी करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. चहाचे कप हातात धरून आम्ही सगळे निकालाची वाट बघत होतो.

“तुझीपण दाढ किडलीय,” तो म्हणाला. “आमच्या किल्लीसारखी. तू आमच्यातली.”

बाईंनी तोंड मिटलं. त्या आईला म्हणाल्या, “सोमवारी पाठवा त्याला.”

मग दुपारपर्यंत सेक्रेटरीकाका आणि तुडतुड्या फलकासमोर बसले होते. काका एकेक किल्ली उचलून विचारत होते, “आणि ही कोणाची बरं?” आणि तुडतुड्या सांगत होता. तो जितक्यांची सांगत होता तितकी दारं खरोखर उघडत होती. कारण किल्ली दुसऱ्या हुकावर लावण्याआधी त्याने तिला नीट बघून घेतलं होतं, आणि ती मुळात कोणाच्या हुकावर होती तेही. संध्याकाळी काकांनी रीतसर नोटीस काढली. मी सज्ञान नसल्यामुळे ती नन्नीच्या आजीला गेली. आजीने या वेळी चष्मा लावून ती वाचली, म्हणाली, “मोडलं नाही, फोडलं नाही, सांडलं नाही. नीट लावू नका असं कुठे लिहिलंय?” आणि नोटीस तक्रारपेटीत टाकली. त्या पेटीतली ती पहिलीच तक्रार. काकांनी फलक मात्र उंच केला नाही. आता प्रत्येक किल्लीला त्यांनी रंगीत दोरा बांधलाय, आणि कोणता रंग कोणाला हे तुडतुड्याला विचारून ठरवलंय.

सोमवारी, पहिल्या तारखेलाच, आई पांढरा कोट पिशवीत घालून सकाळीच प्रयोगशाळेत गेली. जाताना तिने चहाचा चोथा न बघताच टाकून दिला. तुडतुड्याला सोडायला मी गेले. वाटेत मी त्याच्यासाठी धीराचं एक छोटंसं भाषण तयार केलं होतं. बालवाडीच्या दारात मी गुडघ्यांवर बसले, घसा साफ केला.

“ताई, नंतर सांग,” तो म्हणाला आणि थेट बाईंसमोर जाऊन उभा राहिला. “बाई, दातमावशीकडे गेलीस?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

तुडतुड्याने त्यांच्या हातावर थोपटलं. टेबलाखाली बसून त्याने सगळं ऐकलं होतं तर.

“घाबरू नको,” तो म्हणाला. “तिच्याशी एक वाक्य बोललीस तरी पुरे.”